बंद डोंगरातल्या शेळ्या

दुपारची जेवणं आटोपली की आई आधी डोंगराकडची खिडकी लावून घ्यायची. पाहुण्यांना ती सांगायची, की ऊन फार येतं. ऊन त्या खिडकीतून कधीच येत नव्हतं, ती उत्तरेची होती. पण पाहुणे मान डोलवायचे आणि आम्ही घरचेही काही बोलायचो नाही. मग सारं घर गप्प व्हायचं. चुलीतलं लाकूड विझताना करायचं तेवढा आवाज, माठातून ठिबकणारं पाणी, ओसरीवर तात्यांचं घोरणं. आणि ही सगळी शांतता जमून आली, की लावलेल्या खिडकीच्या पलीकडून, लांब वरून, घंटी वाजायची. देवळातली नव्हे. शेळीच्या गळ्यातली, लहान पितळी. एक वाजली की दुसरी, मग जरा खालच्या अंगाला तिसरी, कळप चरत चरत सरकतो तशी. ऐकायला इतकं गोड, की नवख्या माणसाला वाटावं काय सुखी गाव आहे. फक्त एवढंच होतं, की त्या डोंगरात शेळी नव्हती. डोंगरात नव्हती आणि सबंध गावातही नव्हती.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, त्या दिवसांत सगळीकडे गाजलेलं. कारण गावानं चराईबंदी केली होती. डोंगराला चर खणले, बांध घातले आणि वर जनावर सोडायचं नाही, कुऱ्हाड न्यायची नाही, शेळी तर गावातच ठेवायची नाही, असा ठराव झाला. त्याआधीचं गाव मी पाहिलेलं आहे, त्यामुळे उगाच नाकं मुरडणार नाही. टँकरपुढे हंड्यांची मारामारी व्हायची, अर्धं गाव दिवाळीनंतर श्रीगोंद्याकडे उसाच्या तोडीला जायचं आणि परत येताना म्हातारी माणसं कमी होऊन यायचं. डोंगर बंद झाला आणि विहिरींना खरोखरच पाणी आलं. कांदा आला, दुधाची गाडी येऊ लागली आणि तात्यांची मुलगी, म्हणजे मी, एसटीनं पारनेरच्या कॉलेजात जाऊ लागले. माझ्या दोन वेण्या आणि माझं मोडकंतोडकं इंग्रजी त्या पाण्यावरच पोसलेलं आहे. तेव्हा पाण्याला मी नावं ठेवत नाही.

तात्या पाणलोट समितीचे अध्यक्ष होते आणि शब्दाचे पक्के होते. जो माणूस शब्दाचा पक्का असतो त्याच्या घरातल्या बायका फार सोसतात, हे मला आता या वयात खुशाल म्हणता येतं. ठरावाच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "सुरवात माज्याच घरापासनं." घरात शेळ्या होत्या, त्या तात्यांच्या नव्हत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, माझ्या कौसाआत्याच्या होत्या. नवऱ्यानं टाकल्यावर आत्या माहेरी आली ती काखेत एक करडू घेऊन. त्या एका करडाचा तिनं कळप केला. बोकड विकून ती स्वतःचं लुगडं घ्यायची, मिश्री घ्यायची, मला जत्रेत रिबिनी घ्यायची. भावाच्या घरात राहायची, पण भावाचं मिंधेपण तिच्या अंगाला लागलेलं नव्हतं. सभेनं टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच दिवशी नगरहून व्यापाऱ्याचा टेम्पो आला.

आमच्याकडे रीत आहे, जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. दावं घरात राहिलं की लक्ष्मी घरात राहते म्हणतात. म्हातारी माणसं पुढचंही म्हणतात, की दावं राहिलं तर जनावर आपला ठाव विसरत नाही. आत्यानं टेम्पोच्या फळीशी उभं राहून एकेकीच्या गळ्यातलं दावं आणि घंटी काढली. चांदी, बांडी, कबरी, सगळ्यांच्या. ओरडली नाही, रडली नाही. ती सगळी दावी गोठ्यातल्या खुंटीवर टांगली आणि घरात येऊन भांडी घासायला बसली. त्यानंतर महिना झाला असेल नसेल, डोंगरातून घंट्या ऐकू येऊ लागल्या. आईला आधी वाटलं, खुंटीवरच्याच वाऱ्यानं वाजतात. तिनं चिंध्या घेतल्या आणि प्रत्येक घंटीच्या पोटात बोळा कोंबला. मी तिथेच उभी होते. शेवटचा बोळा कोंबून आई वळली आणि वरून घंटी वाजली. आईनं माझ्याकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, दळन ठिवायचंय."

समितीनं डोंगराला राखणदार ठेवला होता, कुणाचं जनावर शिरलं तर पकडायला. पहिला भिवा. चांगला धटिंगण गडी. तो एक दिवस काठी ओसरीवर ठेवून म्हणाला, "तात्या, मला दुसरं काम सांगा." तात्यांनी कारण विचारलं. तो म्हणाला, "शेळ्या दिसत न्हाईत. पन चरत्यात." दुसरा राखणदार आला, तोही गेला. तिसऱ्यानं तर काठीही परत आणून दिली नाही. तात्या प्रत्येकाला एकच सांगत, "वारं हाय ते. चरातनं वारं फिरलं की आसा आवाज येतो." आणि गावही तेच म्हणू लागलं. पारावर बसलेल्या माणसांच्या कानावर घंटी आली, की कुणीतरी म्हणायचं, "आज वारं लई सुटलंय." समोर लिंबाचं पान हलत नसायचं.

आत्या मात्र वाऱ्याचं काही बोलत नसे. ती बोलायची ते फक्त पाहुण्यांपुढे. गाव बघायला कुठून कुठून माणसं यायची आणि तात्या तिला पुढे उभी करायचे. ती हात जोडून म्हणायची, "मी कौसाबाई. आदी मी शेळ्या राखायची, उनातानात फिरायची. आता डोंगर हिरवा झाला, हिरीला पानी आलं. आता मी सुखी हाय." दर वेळी तेच शब्द, त्याच जागी तोच श्वास. मिश्रीसाठी आता तिला आईकडे हात पसरावा लागायचा आणि आई काही वाईट नव्हती, लगेच द्यायची, तरी आत्या मागायच्या आधी दाराशी बराच वेळ उभी राहायची.

अशात आफ्रिकेतून माणसं आली. मलावी नावाचा देश, नकाशात मला तो शोधावा लागला. सरकारी कामातली पाच-सात माणसं, गरिबी कशी हटवायची ते आमच्याकडे शिकायला आलेली. त्यातली एक बाई आमच्या घरी उतरली, कारण तात्यांच्या घरी संडास होता आणि इंग्रजी बोलणारी मुलगी होती. चिसोमो तिचं नाव. ठेंगणी, भरल्या अंगाची, हसली की खांदे हलायचे. आत्यानं पहिल्याच दिवशी तिची सोमाबाई करून टाकली. दोन दिवस तिला आमच्या तिखटानं रडवलं, तिसऱ्या दिवशी आईनं बाजारातली सुकट भाजली. तो वास आला मात्र, बाई चुलीपुढे येऊन बसली. म्हणाली, आमच्या तळ्यातले मासे असेच वाळवतात, हा तर माझ्या आईच्या घरचा वास. भाकरी तिला कोरडी लागायची. मग तिनं स्वतः मक्याचं पीठ मागून घेतलं, उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा केला आणि हातानं त्याचा घास वळून सुकटीच्या कालवणाशी आम्हाला खायला लावला. हे रोजचं अन्न, ती म्हणाली, पण नवा मका यायच्या आधीच्या महिन्यांत हेही नसतं. तेव्हा बाया आंब्याच्या कोयी उकळतात.

ती मन लावून शिकत होती, हे सांगायला हवं. तिकडच्या टेकड्या लाकडी कोळशासाठी झाडं तोडून तोडून बोडक्या झाल्या होत्या, पाऊस आला की चिखल खाली येऊन शेतं गाडून टाकायचा. तिला आमचा डोंगर उचलून न्यायचा होता. चराची खोली ती स्वतः उतरून पाहायची. संध्याकाळी चुलीपुढे बसून सांगायची, की त्यांच्या योजनेत ज्या बाईकडं काहीच नाही तिला आधी शेळी देतात. शेळी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी करडू, त्या बाईनं शेजारणीला द्यायची. मी हे मराठीत सांगितल्यावर आत्या कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलली. "म्हंजी आपली अर्धलीच की!" आमच्याकडे एकाची शेळी दुसऱ्यानं सांभाळायची आणि करडं वाटून घ्यायची, त्याला अर्धली म्हणतात. दोघी मग हातवाऱ्यांनीच बोलत बसल्या. आत्यानं हाताच्या ओंजळीनं कासेचा आकार दाखवला, सोमाबाईनं शिंगांचा. मला कुणी दुभाषी म्हणून विचारलंही नाही. बोलता बोलता सोमाबाईनं सहज विचारलं, "तुमच्या शेळ्या संध्याकाळी कुठं बांधता? मी रोज दुपारी त्यांच्या घंट्या ऐकते."

मी भाषांतर केलं. आईच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं आणि भाकरी करपली. तात्या ओसरीवरून म्हणाले, "वारं म्हनून सांग तिला." मी सांगितलं. सोमाबाईनं तात्यांकडे पाहिलं, मग आत्याकडे. मग पाहुण्यासारखी मान डोलवली. तिच्या देशातही अध्यक्ष असतीलच.

दुसऱ्या दिवशी तात्या पारनेरला गेले होते. भर दुपारी आत्यानं मिठाच्या बरणीतून मूठभर खडे मीठ घेतलं आणि सोमाबाईला खूण केली. मीही मागे निघाले. मला भीती वाटत होती, पण घरात एकटीनं ते ऐकत बसण्याची जास्त वाटत होती. डोंगराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या, आत्यानं त्या सवयीनं बाजूला सारल्या. तेव्हा मला कळलं, की ती इथे रोज येत असणार. आत गवत कमरेएवढं. इतक्या गवतात किडा नाही, पाखरू नाही, काही नाही. आमच्याच पायांचा आवाज आम्हाला मोठा वाटत होता. सोमाबाई एका बोरीपाशी थांबली. बोरीचा खालचा पाला ओरबाडून खाल्लेला होता, शेळी पुढचे पाय झाडाला लावून उभी राहिली म्हणजे तिचं तोंड जिथवर पोचेल तिथवर. त्याच्यावर सगळं हिरवंगार. शेजारचा हिवर तसाच, पुढची बाभूळ तशीच. सोमाबाईनं वाकून गवत फाकवलं, बराच वेळ जमीन पाहिली. "खुराचा माग नाही," ती म्हणाली. "लेंडी नाही. पण पाला आजच खाल्लेला आहे." तिनं एक डहाळी माझ्यापुढे धरली. तुटलेल्या जागेतून अजून रस येत होता.

मग आत्यानं जिभेनं टाळूवर आवाज काढून हाक घातली. घंट्या वरच्या अंगाला वाजत होत्या, त्या थांबल्या. आणि खाली येऊ लागल्या. आधी सावकाश, मग धावत, करडं धावतात तशा. वारं नव्हतं. गवत मात्र बाजूला होत होतं. आवाज आमच्यापर्यंत आला, आमच्या भोवती झाला, माझ्या गुडघ्याला काहीतरी ऊबदार घासून गेलं आणि मी सोमाबाईचा हात घट्ट धरला. आत्या खाली बसली होती. मीठ ठेवलेला तळहात तिनं पुढे धरला होता आणि दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी खाजवत होती, दोन कानांच्या मधे खाजवावं तसं. "खा बाय चांदे. सावकाश. समद्यांना हाय." थोड्या वेळानं घंट्या लांब गेल्या. आत्यानं हात आमच्यापुढे धरला. मीठ संपलेलं होतं आणि तळहात मनगटापर्यंत ओला होता. आत्याच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी आनंद पाहिला. त्या आनंदाची मला भिवाच्या बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण मला दिसलं, की आता ही बाई आमच्या घरात फार दिवस राहायची नाही. एक तर ती त्यांच्याकडे जाईल, नाहीतर तिला खरी शेळी मिळायला हवी.

आज माझ्या गुडघ्यांच्या दुखण्याला डॉक्टर वेगळीच नावं देतात. पण त्या जागी हात गेला की मला अजून ती ऊब आठवते आणि मी ती कुणाला सांगत नाही.

पाहुण्यांच्या निरोपाची सभा शाळेच्या पटांगणात झाली, दिवस चांगला वर आलेला असताना. तालुक्याचे साहेब आले होते, हार होते, मांडव होता. आत्याला उभं केलं. ती म्हणाली, आता मी सुखी हाय. मी इंग्रजी केलं. तेव्हा सोमाबाई उठली. "मी यांच्या घरी जेवले म्हणून विचारते," ती म्हणाली. "डोंगर बंद व्हायच्या आधी या बाईंचं स्वतःचं काय होतं आणि आता काय आहे? मला घरी गेल्यावर शेळीवाल्या बायकांना हे सांगावं लागेल." तात्यांना इंग्रजी कळत नव्हतं, माझा चेहरा कळला. ते हळूच म्हणाले, "सुमे, ऱ्हाऊ दे ह्ये." पण मी मराठीत सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, आणि आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींचा मला अभिमान आहे त्यात ही एक आहे.

आत्या पाठ केलेलं बोलायला तोंड उघडते असं वाटलं, पण ती थांबली. मग म्हणाली, "आदी माज्या शेळ्या हुत्या. आता माजा भाऊ हाय." तिनं पदर खोचला. "भाऊ लई चांगला हाय. दोन येळंला भाकर देतो. पन ती मागावी लागती." मग ती तात्यांकडे वळली. "मला एक शेळी बांदून पाळू दे. डोंगरात सोडनार न्हाई. बांदावरचं गवात कापून आनीन. येकच."

तात्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना द्यायची होती. आज वाटतं, साहेब नसते तर कदाचित दिलीही असती. पण ते म्हणाले, "नियम म्हंजी नियम, अक्का. आज तुज्या दावनीला बांदली तर उद्या समदं गाव बांदील." आणि त्याच वेळी डोंगराकडून घंट्या वाजल्या. रोजच्यासारख्या लांब नव्हे. त्या उतरत होत्या. काट्यांच्या आत आजवर थांबलेल्या घंट्या काट्या ओलांडून, ओढ्यातून, शाळेच्या वाटेनं येत होत्या. माणसं एकमेकांकडे बघेनात. साहेबांनी विचारलं, "कुणाच्या शेळ्या आहेत?" तात्या उभे राहिले, त्यांचा आवाज चिरकला. "वारं हाय, साहेब. टाळ्या वाजवा, पाहुण्यांसाठी टाळ्या!" आणि सगळ्या सभेनं टाळ्या सुरू केल्या.

त्या टाळ्या मी विसरणार नाही. कौतुकाच्या टाळ्या आपोआप विरतात. या विरेनात. हात थांबवले की ते ऐकू येईल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे माणसं बडवत राहिली, तळवे लाल झाले, म्हाताऱ्यांना धाप लागली, लहान पोरं रडकुंडीला आली तरी आयांनी त्यांचे हात धरून वाजवायला लावले. साहेबही वाजवत होते, कशासाठी ते न कळता. आत्या तेवढी वाजवत नव्हती. ती सभेतून सावकाश चालत बाहेर पडली, तिच्या पुढ्यातली धूळ खालच्या खाली उडत होती आणि ती पाय जपून टाकत होती, कळपातून चालणारी बाई टाकते तशी. शेवटी कुणाच्यातरी हातातलं बळ संपलं आणि टाळ्या थांबल्या. काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही घरी आलो तेव्हा गोठ्यातली खुंटी रिकामी होती आणि आत्या नव्हती.

सोमाबाई दुसऱ्या सकाळी गेली. गाडीत बसायच्या आधी माझा हात धरून म्हणाली, "मी टेकडी बंद करणार. बंद केल्याशिवाय गवत येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण आधी शेळीवालीला विचारीन, तिची शेळी कुठं बांधायची. टेकडी नंतर." तिनं ते केलं का, तिचं कुणी ऐकलं का, मला माहीत नाही. परवा नातवाच्या मोबाईलवर मलावीतल्या पुराचं चित्र पाहिलं, चिखलात बुडलेलं घर आणि छपरावर एक बाई, मांडीवर करडू घेऊन. मी तो मोबाईल बराच वेळ हातात धरून बसले.

आत्या शिवेपलीकडच्या वाडीत असल्याचं चार दिवसांनी कळलं. तिथे मार्थाबाई नावाची तिची जुनी मैत्रीण होती. तिनं तिला पडवी दिली आणि एक गाभण शेळी अर्धलीनं दिली. वाडीला आमच्या गावचा नियम लागू नव्हता. गावात घंट्या वाजायच्या बंद झाल्या, आईनं खिडकी उघडली, आणि घर आणखीनच भयाण वाटू लागलं. तात्या जेवताना एकदम घास थांबवून कान द्यायचे. पीक निघाल्यावर ते मला म्हणाले, "चल, अक्काला आनू."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शेळी व्यालेली होती, दाराबाहेर बोरीला बांधलेली, पिलू तिच्या पोटाशी. आत्यानं आम्हाला पोतं अंथरून बसवलं, शेळीच्या दुधाचा चहा केला. कप दोनच होते, ती वाटीत प्यायली. तात्या म्हणाले, "अक्का, घरी चल." आत्या म्हणाली, "पाहुना आलाईस. च्या पी निवांत." आपल्या भावाला पाहुणा म्हणायची तिची ती पहिलीच वेळ असावी. तिचा चेहरा काळवंडलेला होता, हात फुटलेले होते आणि ती आमच्या घरी कधीच दिसली नव्हती इतकी ऐसपैस बसली होती. मला रडू आलं. तात्यांनी मान खाली घातली. चालून दमलेले त्यांचे पाय दाराच्या दिशेनं लांब पसरलेले होते, चहा त्यांनी सावकाश, एक एक घोट घेऊन संपवला आणि पुन्हा चल म्हणाले नाहीत.

तेवढ्यात त्यांनी पटकन पाय आखडून घेतले. दारातून काही आत येताना आपण वाट देतो, तसे. मी दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं, शेळी बाहेर बांधलेली तशीच रवंथ करत होती. तात्या गुडघे छातीशी धरून बसून राहिले, भिंतीकडे बघत. मग अगदी हळू आवाजात त्यांनी बहिणीला विचारलं, "गेली का?"

"गेली," आत्या म्हणाली. "पसर पाय."